लाल दोऱ्याची कणसं
सकाळी मुलाची पँट धुण्याला टाकताना खिशात लाल दोऱ्याचं गुंडाळं सापडलं. त्याला हुरड्याच्या धुराचा वास येत होता, आणि त्या वासानं मला कन्नडजवळचं ते शेत आठवलं. तेव्हा मुलगा लहान होता, त्याचे उपचार चालू होते, आणि वॉर्डात ओळख झालेल्या आम्ही आईबापांनी लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला मदत म्हणून तिथं हुरडा पार्टी ठेवली होती. शेत ज्या जोडप्याचं, त्यांची मुलगी त्याच आजारानं आदल्या दिवाळीत गेली होती. तरी ती बाई सकाळपासून आगटीपाशी बसून भाजलेली ज्वारीची कणसं तळहातावर चोळत होती आणि कोवळे, गरम दाणे पाहुण्यांना देत होती. चिकलठाण्याच्या कारखान्यातले एक साहेब हळूच म्हणाले, "ताई, संशोधनाला वर्षानुवर्षं लागतात. आता तुम्हाला त्याचा काय उपयोग?" तिनं बांधाकडं बोट दाखवलं. तिथल्या टपोऱ्या कणसांना लाल दोरे बांधलेले होते. "ती कणसं बी आमी खाणार नाय, दादा. बियाण्याला ठेवलीत," एवढं म्हणून तिनं पुढचं कणीस चोळायला घेतलं. आगटीचा धूर डोळ्यांत जात होता, पण मला तिच्यावरून नजर हलवता येईना. त्या दिवशी मास्क लावून गाडीच्या काचेआडून बघणारा माझा मुलगा आता माझ्याहून उंच झालाय. काल तो त्याच शेतावर त्या बाईसोबत कणसांना दोरे बांधून आला.