कळवणच्या वाटेसाठी एकच नवा टायर

शनिवारी सकाळी मी अंबडहून निघालो, तेव्हा माझ्या मोटारसायकलचा मागचा टायर तळहातापेक्षा गुळगुळीत होता. तळहातावर निदान रेघा तरी असतात. गाडी जुनी, साडेतीनशे सीसीची, माझ्या आधी तीन मालक बघितलेली. पण इंजिन एका लाथेत सुरू व्हायचं, म्हणून माझा तिच्यावर जीव.

वरोऱ्याच्या तुम्हा मंडळींना अंबड ठाऊक नसेल. नाशिकला लागून नवे कारखाने उभे राहिलेत, तो भाग. सातवीत शाळा सुटलेला मी इथं लेथवर काम करतो आणि यमुनामावशींच्या घरी राहतो. पहिल्या महिन्यात मला ताप आला, तेव्हा या बाईनं आठ दिवस पेज करून पाजली. ना नात्याची, ना गावची. त्यांच्या लेकीला, सुमनला, कळवणला मुलगी झाली होती आणि रविवारी बारसं होतं. मावशींच्या गुडघ्याला एसटीची गर्दी झेपत नाही. मी बोलून बसलो, "मावशी, मी नेतो तुम्हाला."

त्यांचा मुलगा विलासभाऊ कचेरीत कारकून. तो उकिडवा बसला, मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि वर बघून म्हणाला, "तुमच्या झाडीपट्टीत रस्ते असतात का रे, सुखदेव? या टकल्यावर माझी आई बसणार नाही."

खरंच होतं त्याचं. म्हणून टायरची शोधाशोध.

आधी नाशिकातल्या द्वारका चौकाजवळच्या दुकानात गेलो. नवे टायर कागदाच्या पट्ट्या गुंडाळून टांगलेले, वास असा की तिथंच उभं राहावं. भाव विचारला. माझ्याजवळ एकाचे पैसे होते, वर चहापाणी. दोन्ही चाकं तर झिजलेली. मागचं पार गेलेलं, पुढचं निम्मं. कोणीतरी सांगितलं होतं की देवळाली कॅम्पात लष्कराचा मोडीत काढलेला माल स्वस्त मिळतो. गाडी नाशिकरोडकडे वळवली.

कॅम्पात शिरलं की गाव एकदम नीटनेटकं होतं. झाडांच्या बुंध्यांना चुना, कवायतीहून परतणारे जवान, बेकरीतून भाजलेल्या पावाचा वास. एक गरम पाव तसाच कोरडा खाल्ला आणि बाजाराच्या टोकाला एका शेठच्या टपरीवर पोचलो. समोर दोन टायर टांगलेले. माझ्याच मापाचे! कधी रस्त्याला न लागलेले, नक्षी खोल, नव्या रबराच्या त्या बारीक मिशा असतात ना, त्यासुद्धा शाबूत.

"मिलिटरीचा माल हाय, पाव्हणं," शेठ पोटावर हात ठेवून म्हणाले. "एकाच्या भावात दोन घेऊन जा."

मी लगेच पैसे दिले. मनात म्हटलं, विलासभाऊ, आता दाबा अंगठा.

शेजारीच एका निवृत्त हवालदाराचं पंक्चरचं दुकान होतं. लष्कराच्या गाड्यांवर उमर काढलेला माणूस, मिशा पांढऱ्या, हात काळे. टायर बसवून द्या म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "मागं कोण बसणार?"

"मावशी. उद्या कळवणला न्यायचंय."

त्यांनी एक टायर गुडघ्यावर घेतला आणि बाहेरच्या बाजूनं वाकवला. कडेला शेकडो बारीक भेगा उघडल्या. उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाचा चिखल दिसतो, तशा.

"हा नवा नाही, भाऊ. वापरला नाही एवढंच. गोदामात पडून पडून म्हातारा झालाय. रबराला पण वय असतं."

एरवी मी असा माणूस की कंडक्टरकडे सुटे पैसे मागायला घाबरतो. परगावी कोण आपल्या बाजूनं बोलणार? पण मावशींना भेगांवर बसवायचं कसं? दोन्ही टायर खांद्यावर घालून मी शेठसमोर उभा राहिलो.

"विकलेला माल परत नाही घेत," ते आधीच म्हणाले.

"नका घेऊ. दोन्ही टायर बसवतो. तुम्ही मागं बसा, आपण नाशिकरोडपर्यंत सत्तरच्या वेगानं जाऊन येऊ. परत आलो की मी एक शब्द बोलणार नाही."

शेठनी माझ्याकडे बघितलं, टायरकडे बघितलं. "मला काय मरायचंय काय?" ते बोलून गेले आणि आपणच जीभ चावली. हवालदारांच्या दुकानातून हसण्याचा असा स्फोट झाला की पलीकडचा चहावालाही किटली घेऊन बाहेर आला. शेठही शेवटी हसले. पैसे परत देत म्हणाले, "लय (फार) चालू हायस. कुठला तू?"

"वरोऱ्याचा."

"मंग सगळ्या वरोऱ्याला सांग, शेठनं पैसं दिलं म्हून!"

सांगितलं, शेठ.

आता एकाच टायरचे पैसे, आणि चाकं दोन. मी म्हटलं, "नवा मागं बसवा, काका. मावशींचं वजन मागं येणार."

"सगळे तेच म्हणतात," हवालदार म्हणाले. "मागच्या टायरची हवा गेली तर गाडी शेपूट हलवते, सावरायला वेळ मिळतो. पुढच्याची गेली की हँडल हातात राहत नाही. नवा पुढं. पुढचा निम्मा झिजलाय, पण रबर मऊ आहे, त्याला मागं टाकू. टकला फेकून दे."

कॅम्पातल्याच दुकानातून नवा टायर आणला. हवालदारांनी तो बसवला, एक जुनी पण धड ट्यूब बरोबर दिली आणि बजावलं, "नव्या टायरवर तुकतुकी असते, घसरतो तो. आज फिरवून घास. वळणावर मस्ती नको." ट्यूबचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मावशींना नमस्कार सांग."

संध्याकाळी विलासभाऊ थेट मागच्या चाकापाशी बसला. "अरे, मागं तर जुनाच टाकलाय! आई मागं बसणार की पुढं?"

मी हवालदारांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. आवाज कापला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. विलासभाऊनं अंगठा दाबून बघितला. नक्षी होती, रबर मऊ होतं. तरी त्यानं पुन्हा एकदा दाबून बघितला. मावशी दारातून म्हणाल्या, "त्याला टायरमधलं कळतं, तुला फायलीतलं. मी जाणार."

आमच्या कारखान्याची सुटी शनिवारची, म्हणून रविवारी रजा टाकून सकाळी आम्ही निघालो. मावशी एका अंगानं बसलेल्या, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी. गाडीवर गप्प बसायचं मावशींनी कबूल केलं होतं; पण दिंडोरी येईपर्यंत त्यांनी सुमनचं सगळं लहानपण सांगून संपवलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. वणीला चहा घेतला. पुढे सप्तशृंगीचा डोंगर उजवीकडे भिंतीसारखा सरकू लागला.

नांदुरी मागं पडली आणि गाडीनं शेपूट हलवलं. एकदा, दोनदा. पण हँडल माझ्या हातात घट्ट होतं. ब्रेकला हात न लावता गॅस सोडला आणि गाडी हळूहळू कडेला उभी केली. मागचं चाक रिमवर बसलेलं.

"माझ्या गुडघ्यासाठी थांबलास होय?" मावशी उतरून पाय झटकत म्हणाल्या. "बरं केलंस बाबा."

त्यांना कळलंच नव्हतं.

कांद्याची बैलगाडी घेऊन एक शेतकरी आला. त्यानं गाडी धरली, मी चाक उतरवलं. टायरमधून निघाला बैलाच्या नालेचा खिळा. तो ओशाळून म्हणाला, "आमच्याच बैलाचा आसंल, दादा," आणि हवालदारांनी दिलेली ट्यूब भरून होईपर्यंत माझा पंपही त्यानंच मारला.

कळवणला पोचलो तर पाळणा सजलेला, सगळे आमच्यासाठी खोळंबलेले. सुमनच्या सासूबाई ओरडल्या, "माय वं! इहीन फटफटीवर उनी!" (विहीणबाई फटफटीवर आली.) मग घुगऱ्या (उकडलेले हरभरे), कळण्याची भाकर (उडीद-ज्वारी दळून केलेली) आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. सुमननं बाळ माझ्या हातात दिलं आणि माझे ग्रीसचे हात बघून मीच दचकलो.

मावशी महिनाभर तिथंच राहणार होत्या. परतताना मागची सीट रिकामी होती, तरी मी जाताना होता तोच वेग ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

विलासभाऊ फाटकात उभाच होता. "पोचली?"

"पोचल्या. नांदुरीपुढं मागचं चाक पंक्चर झालं होतं." लपवलं असतं तरी चाललं असतं, पण खिळा खिशातून काढून मी त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं तो उलटसुलट करून बघितला. मग पुढच्या चाकाशी बसला आणि नव्या टायरवर अंगठा दाबला, बराच वेळ.

"महिन्यानं आईला आणायला तूच जा," तो म्हणाला. "आणि आता आत ये. हात धू. तुझ्यासाठी पेज नाही, भात केलाय."