शिंगवाला किडा आणि सत्तावीस फोटोंची चूक

पुण्याहून निघताना माझ्या यादीत एकवीस वस्तू होत्या. कॅमेरा, भाता (भिंग आणि कॅमेरा यांच्यामधली घडीची नळी), तिकाटणे (कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड), ब्लेड, डिंक, छत्री. फिल्मचा दुसरा रोल मात्र नव्हता; कॅमेऱ्यात होता तो एकच, छत्तीस फोटोंचा.

बाभळीवर गव्हाच्या दाण्याएवढा एक किडा राहतो. त्याला दोन शिंगे असतात. मला तो डोळ्यापासून शेपटीपर्यंत स्पष्ट हवा होता. इतक्या जवळून डोळा स्पष्ट आला की शेपटी धूसर येते. म्हणून कॅमेरा केसभर पुढे सरकवत एकाच किड्याचे आठ फोटो काढायचे, प्रत्येकातली स्पष्ट पट्टी कापायची आणि पट्ट्या जोडून अख्खा किडा तयार करायचा. वर्षभर मी घरच्या झुरळांवर सराव केला होता. घरच्यांची मते इथे देत नाही.

नागपुरात पहिल्याच सकाळी शिस्त मोडली. संत्र्याच्या बागेत एक हिरवी अळी भेटली आणि छत्तीसपैकी सत्तावीस फोटो मी तिच्यावरच उधळले. मग रोल शोधत गांधीबागेपर्यंत गेले. तिथे कापडाचे वाटेल तेवढे तागे होते, रोल नव्हता.

उरलेल्या नऊ फोटोंनिशी पारशिवनीची बस धरली. कोराडीच्या वीजकेंद्रापाशी राखेचा लोट आत आला, तेव्हा मी मांडीवरच्या कॅमेऱ्यावर पदर धरला. शेजारच्या आजोबांनी हळूच विचारले, "लेकराले ताप हाय काय जी?"

पारशिवनीजवळच्या एका खेड्यात माझ्या शाळेतल्या सहशिक्षिकेचे भाऊ नामदेवराव शेती करतात. त्यांनीच बाभळीवरचे किडे कळवले होते. मी पोचले तर बाभूळ लख्ख! एक किडा नाही, एक मुंगी नाही.

"पाहुण्या येणार म्हणून कालच सारं झाड झटकून ठेवलं जी," त्यांच्या पत्नी शेवंताबाई अभिमानाने म्हणाल्या. "मुंग्या चावल्या असत्या ना तुमाले!"

मी तिथेच धुऱ्यावर (बांधावर) बसून हसत सुटले. कारण कळल्यावर शेवंताबाईंनी कपाळावर हात मारला. "आधी जेवा. मग शोधू."

पाटवड्यांचा रस्सा (बेसनाच्या वड्यांचे झणझणीत कालवण) खाताना डोळ्यांतून पाणी वाहत होते. तेवढ्यात नामदेवरावांच्या आई लेकावर कडाडल्या, "काहून गा नामदेव, मी मेल्यावर हार कायले घालशील? कॅलेंडरले? माहा एक बी फोटो नाही घरात!"

नऊ वजा आठ, उरला एक. "तुमचा फोटो नक्की, आजी," मी म्हणाले.

पलीकडच्या धुऱ्यावरच्या बाभळीवर शेवंताबाईंना मुंग्यांची रांग सापडली. या किड्याचा गोड पाझर चाटायला मुंग्या येतात; रांग जिथे संपत होती, तिथे तो होता, शिंगांसकट! शेवंताबाईंनी वारा अडवायला लुगडे आडवे धरले. सगळ्यांनी श्वास रोखले. एक, दोन, तीन. आणि नामदेवराव शिंकले. किडा फांदीमागे पसार.

"तुमच्या नाकाले कुलूप लावा!" शेवंताबाई ओरडल्या.

किडा परत आला, पण पहिले तीन फोटो वाया गेले होते आणि आता सहाच उरले होते. सहाही किड्याला दिले, तरी जेमतेम पुरणार होते. मी वळून पाहिले. आजी नवे लुगडे नेसून, केस चापून, पाठ ताठ करून धुऱ्यावर बसल्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

किड्याला पाच दिले. चौथ्या वेळी एक मुंगी त्याच्या पाठीवर चढली, तरीही बटण दाबलेच. मग भाता काढला, भिंग सरळ लावले आणि शेवटचा फोटो आजींचा काढला.

नागपुरात फोटो छापून आणले आणि लॉजच्या पलंगावर ब्लेड चालवले. डोळा स्पष्ट, शिंगे स्पष्ट, शेपटी स्पष्ट. पाठीवर मात्र नखाएवढा पट्टा धूसर होता. सहाव्या फोटोची जागा! उदास होऊन चौथी पट्टी हातात घेतली, तर त्यातली मुंगी, मिशांसकट स्पष्ट, नेमकी त्याच धूसर पट्ट्यावर उभी. तिच्या कडेकडेने कापले, चिकटवले आणि एकटीच पलंगावर टाळ्या पिटल्या.

परतीच्या गाडीत मी यादी पुन्हा वाचली. एकवीसच्या एकवीस वस्तू परत आल्या होत्या, पण चित्र पुरे झाले ते यादीत नसलेल्या मुंगीमुळे. तिची भाऊबंद मंडळी मी पोचण्याच्या आदल्या दिवशी माझ्या स्वागतासाठी झटकली गेली होती.

पुण्याहून आजींचा फोटो धाडला. पंधरवड्याने नामदेवरावांचे कार्ड आले: "फोटो भेटला. भिंतीवर लावला. आई म्हणते, आता मराले हरकत नाही, पण घाई बी नाही."