पाठ दुखत नव्हती

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई नाव विचारतात. मी ‘श्रीरंग’ म्हणतो. आडनाव तोंडातच विरघळतं.

ऑपरेशनच्या खोलीतला दिवा मोठा होत होत एसटीची काच होतो. गाडी घाटात आहे आणि दाजी चालवताहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मला झालाय तोच प्रोस्टेटचा कॅन्सर त्यांना होता. डॉक्टरांनी वेळेत ऑपरेशन सांगितलं होतं. त्यांनी केलं नाही.

“बस, रंगा,” ते आरशातून म्हणतात. “तुझी काढत्यात व्हय गाठ?”

“सगळी ग्रंथीच काढतायत. अजून बाहेर पसरलेली नाही.”

गाडी थांबते. आम्ही रस्त्याकडेच्या वाळल्या गवतात लघवीला उभे राहतो. दाजी पाठमोरे, बराच वेळ. काहीच होत नाही. गाडीतली माणसं वाट बघतात, पूर्वीही बघायची.

“फुडं काय म्हनं?”

“काही महिने लघवी आवरणार नाही. बायकोजवळचंही पूर्वीसारखं राहील असं सांगता येत नाही.”

“इंदूला बोललास हे?”

“बोललो. ओलं झालं तर धुऊ, म्हणाली.”

दाजी हसत नाहीत. “मी तुझ्या आक्काला इचारलंच न्हाई. खरं दुखणं लपवून पाठ दुखतीया म्हणत ऱ्हायलो.”

गवत संपतं तिथे आक्काचं स्वयंपाकघर आहे. ती भाकरी थापतेय. दाजी तिच्यामागे उभे राहून म्हणतात, “मला लाज वाटत हुती गं.”

आक्का भाकरी उलटते. ती जिवंत आहे, म्हणून तिला ऐकू जात नाही.

“मी सांगू?” मी विचारतो.

“सांग. जमलं तर.”

मग थंडी वाजते. सलाइन, लघवीची नळी, इंदूचा चेहरा. “झालं. सगळी निघाली म्हणाले डॉक्टर,” ती सांगते. आक्का पायाशी बसलीय.

जीभ जड आहे. तरी म्हणतो, “आक्का, दाजींची पाठ दुखत नव्हती. लाज वाटत होती त्यांना.”

“ठाऊक हुतं मला,” आक्का म्हणते. “कधी बोलत्यात, वाट बघत हुते.”

ती माझ्यावरची चादर सारखी करू लागते आणि तिचा हात थांबतो. दवाखान्याच्या धुतलेल्या गाउनला, काठाकाठानं, गवताची कुसळं चिकटली आहेत. आक्का ती एकेक वेचून तळहातावर ठेवते. एक तिच्या बोटात रुततं.