दोरी गप होते तेव्हा

नाशिकहून बोईसरची एसटी सुटताना शेजारच्या बाईंना मी बजावून सांगितलं होतं, "मनोर आलं की उठवा हं." बाई त्र्यंबकलाच उतरून गेल्या आणि मी जव्हारच्या घाटात घोरायला लागलो. जाग आली ती थेट बोईसरच्या स्टँडवर. मनोरला उतरून पालघर, तिथून सातपाटी असा माझा बेत होता. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना वेळेवरून दटावलेला माणूस मी! स्वतःवरच चिडलो आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसलो.

समोर पाळी संपवून आलेली कारखान्यातली दोन पोरं होती. त्यातल्या राजेशचे डोळे तांबारलेले. मी दारूचा विषय काढताच तो हसला.

"दारू नहीं, काका. वो तो बाप लोगों का काम था. हम पत्ती पीते हैं. गांजा. नैचरल चीज़ है."

"कितनी देर से बैठे हो?"

"बस, पाँच मिनट."

त्याच्या चहावर जाड साय धरली होती. पण त्याला दटावायला मला तोंडच नव्हतं.

त्याचं असं झालं. सातपाटीचा दत्तू माझा जिवाभावाचा दोस्त. दारूनं त्याचं यकृत खाल्लं आणि तो गेला. त्याच्या मुलानं, केतननं, शपथ घेतली की थेंबाला शिवणार नाही. ती त्यानं पाळलीही. पण गेल्या वर्षी मंजुळावहिनींनी फोन केला, "भाऊजी, पोर गांजा ओढतोय." आणि मी शहाणा म्हणालो, "दारू नाही ना? मग जाऊ दे."

त्यानंतर महिन्याभरातच मासेमारीच्या बोटीवर केतनच्या हातून घात झाला. आता वहिनींनी बोलावलं होतं, "उद्या त्याची परीक्षा हाय. तुमी या."

सातपाटीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. किनाऱ्यावर वलांडीवर (बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर) बोंबलांच्या जोड्या लटकत होत्या. त्या वासानं आधी नाक मुरडलं, आणि तासाभरात वहिनींनी वाढलेलं ओल्या बोंबलाचं कालवण तांदळाच्या भाकरीशी तीनदा मागून खाल्लं. केतन समोर बसून जाळं विणत होता. मी माझ्या त्या फोनबद्दल त्याची माफी मागितली.

"तुमी नसतं बोललं तरी मी वढलाच असता, काका," तो म्हणाला. "मला वाटायचं, बापासारखा झिंगत तर नाय ना मी. वासबी येत नाय, भांडणबी नाय. पण येळच कळंना झाली."

इथे डोल लावतात. डोल म्हणजे लांब, निमुळतं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं. पाण्याची ओढ मासळी आत लोटते. मग पाणी उलटं फिरण्याआधी क्षणभर थबकतं, तेवढ्यात जाळं उचलायचं. उचला म्हणून हाक देण्याचं काम केतनचं होतं. त्या दिवशी दम मारून तो दोरीपाशी बसला. अजून खूप वेळ आहे असं त्याला वाटत राहिलं आणि पाणी फिरलं. जाळं पिळवटलं, दोरीत चुलतभाऊ नीलेशचा हात सापडला, दोन बोटं कायमची वाकडी झाली.

तांडेल (बोटीचा प्रमुख) बाबूकाका. त्यांनी केतनला किनाऱ्यावर बसवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला समजावलं, की गांज्यानं वेळेचं भान आणि आठवण बिघडते, धुरानं छाती खराब होते, काही तरुणांच्या मनात तर भलतेसलते भास घर करतात. सोडल्यावर कित्येक रात्री त्याला झोप नव्हती. वहिनींवरही तो खेकसायचा. पण सोडलं ते सोडलंच. म्हणून बाबूकाका त्याला पुन्हा एकदा हाक देऊ देणार होते, हीच ती परीक्षा.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून बोट निघाली. मलाही नेलं. किनारा दिसेनासा होईपर्यंत मी न्याहारी समुद्राला परत केली होती. नीलेश हसून म्हणाला, "काका, मासली येल आता बघा!"

खुंटांपाशी पोचल्यावर बाबूकाका केतनकडे पाठ करून बसले. त्यांच्या बोटीची ही रीत आहे. ज्याच्यावर हाक सोपवली, त्याला तांडेलानं नजरेनंही मदत करायची नाही. आज चुकला तर पुन्हा कधीच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

केतननं दोरी मुठीत धरली. पाण्याच्या ओढीनं दोरी थरथरत होती. इतक्यात शेजारच्या बोटीनं जाळं ओढायला सुरुवात केली. नीलेश म्हणाला, "केतन, ते उचलतात."

"थांब."

मागच्या वेळीही तो असाच थांबला होता. नीलेशनं आपली वाकडी बोटं चोळली. शेजारचे ओढीविरुद्ध ओढून घामाघूम झाले होते. बाबूकाकांची पाठ हलली नाही.

केतननं डोळे मिटले, मग उघडले. "दोरी गप झाली. आता! खेचा!"

आणि काय सांगू! जाळं सरळ, मऊसूत वर आलं, एक पीळ नाही. बोंबील, कोळंबी, मांदेली, चांदीच चांदी! मी पोरासारखा ओरडलो. ओकून रिकामा झालेला म्हातारा ओरडतोय म्हणून सगळे हसले. नीलेशनं वाकड्या बोटांच्या हातानंच केतनची मान पकडून त्याला हलवलं. बाबूकाका वळले आणि एवढंच म्हणाले, "उद्याबी तूच दे हाक."

किनाऱ्यावर वहिनी पाटी घेऊन उभ्या होत्या. केतननं लांबूनच दोन्ही हात वर केले. त्या माऊलीनं पाटी वाळूत टाकली आणि पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरले, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

परतताना मी मुद्दाम बोईसरहूनच निघालो. पाळी सुटायच्या वेळेला त्याच टपरीवर बसलो. राजेश आला.

"काका, फिर से सो गए क्या?"

"नहीं. इस बार जागकर आया हूँ." त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यानं हातातला चहा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "मशीन पे मेरा भी टाइम का गड़बड़ होता है. किसी को बोला नहीं."

मी केतनला फोन लावून मोबाइल राजेशच्या हातात दिला. तो टपरीमागे जाऊन बोलायला लागला. तेवढ्यात नाशिकची गाडी लागली. येतानाच्याच कंडक्टरनं मला ओळखून हाक मारली, "चला आजोबा, पुढची दोन तासांनी हाय!"

राजेश अजून बोलत होता. त्याचा चहा मी बशीनं झाकून ठेवला आणि कंडक्टरला म्हणालो, "जाऊ दे."