बाबांच्या खिशातली डबी

माझं बी.फार्म. झालं तेव्हा बाबांनी राळेगावच्या बसस्टँडसमोरचा एक गाळा हेरूनही ठेवला होता. ते एसटीत ड्रायव्हर, येणारा-जाणारा प्रत्येक जण ओळखीचा. "माया पोरीचं मेडिकल निंगते आता," असं डेपोभर सांगत फिरले. आणि मला काउंटरवर उभं राहून खोकल्याच्या बाटल्या विकायच्याच नव्हत्या. एम.फार्म. केलं, हैदराबादला औषधांच्या संशोधनात लागले. फोनवर बाबा दर वेळी एकच विचारायचे, "दुकान कवा टाकतं?" मी चिडायचे. "बाबा, दुकानासाठी एवढी शिकली काय मी?"

काम ऐकायला मोठं भारी. गोळ्या उष्ण, दमट पेट्यांमध्ये महिनोन्‌महिने ठेवायच्या आणि त्यांच्यात औषध किती उरलं ते तपासायचं. राळेगावचा उन्हाळा मी यंत्रात तयार करायचे म्हणा ना.

मग बाबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या, काचेच्या छोट्या बाटलीत. या गोळ्यांमधलं औषध उडून जातं, बाटलीबाहेर त्यांचा दम फार टिकत नाही. काउंटरवरच्या माणसानं पहिलं वाक्य हेच सांगायचं असतं: बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा. बाबांना ते कोणी सांगितलं नाही.

काच खिशात फुटेल, म्हणून मायनं डोकं चालवलं. बाबांची तंबाखू सुटली होती. एका तोंडाला तंबाखू, दुसऱ्या तोंडाला चुना अशी त्यांची डबी रिकामी पडली होती. मायनं ती राखेनं घासून लख्ख केली, उन्हात वाळवली आणि गोळ्या तिच्यात भरल्या. दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी कौतुकानं खिशातून काढून दाखवली. "पाह्य वं, तुया मायनं गोळ्यायले घर बांधलं!" मी मोबाइलवर ऑफिसचा रिपोर्ट वाचत होते. मान वर न करता म्हटलं, "बरं केलं."

बाबा मे महिन्यात गेले, भर दुपारी, पंख्याखाली. मायनं एक गोळी जिभेखाली ठेवली, मग दुसरी. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ती डबी मी नीट पाहिली ती तेरवीच्या दिवशी. झाकण उघडलं आणि कळलं, या गोळ्यांत औषध फारसं उरलंच नसणार. माय मात्र रोज एकच घेऊन बसायची, "माया हातून उशीर झाला काय वं?" मी म्हणायचे, "नाही माय, वेळेवर ठेवली तू." ते खरंच होतं. डबीचं तेवढं गिळून टाकलं. सांगून तिच्या जिवाला आणखी एक घोर कायले लावायचा?

मी हैदराबादला निघाले त्या सकाळी मायनं आपल्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि एकेक गोळी फोडून त्याच डबीत टाकू लागली. "त्यायची आठोन राह्यते," म्हणाली.

मी तिचा हात धरला. आता सांगावंच लागणार होतं. बाटलीचं, उडून गेलेल्या औषधाचं, सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरेना.

माय डबीकडे पाहत राहिली. आता ही स्वतःलाच बोल लावील, असं मला वाटलं. तिनं गोळ्या माझ्या हातात ओतल्या, डबीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुले दाखोली होती ना त्यायनं," ती म्हणाली.