विमानात न बसलेला चंद्रभान

जठारपेठेत जमुनाएवढी उंच बाई दुसरी नव्हती. माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं, शेतात राबून वाढलेली, हाडापेरानं मजबूत. नवरा चंद्रभान उंचीनं जेमतेम तिच्या कानापर्यंत यायचा. दोघं बाजाराला निघाली की आमच्या आळीची फुकट करमणूक व्हायची. चंद्रभानला त्याचं काही नव्हतं. "फळीवरचा डबा काढाले आमच्या घरी शिडी लागत नाही," असं तोच सगळ्यांना सांगायचा, आणि जमुना तोंडाला पदर लावून हसायची. मूलबाळ नव्हतं. घरात चंद्रभानची विधवा आई दुर्गाबाई होती. तिघांचं बरं चाललं होतं, आणि बरं चाललेल्या घराबद्दल आमच्या आळीला बोलायला कधी काही सुचत नाही.

चंद्रभान कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. पंचावन्न साली ऐन हंगामात तिथल्या इंजिनाचा एक भाग मोडला. फाटकाबाहेर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागली आणि शेठ कावराबावरा झाला. तो भाग कलकत्त्याला मिळत होता, म्हणून त्यानं चंद्रभानला नागपूरहून विमानानं धाडलं. ते विमान उडालं आणि कलकत्त्याला पोचलंच नाही. पडलेलंही कोणी पाहिलं नाही. सरकारनं जंगलावरून दुसरी विमानं फिरवली, त्यांनाही काही दिसलं नाही.

मग शेषरावच्या पानठेल्यावर ते विमान रोज नव्या ठिकाणी उतरू लागलं. शेषरावनं जन्मात विमान पाहिलं ते मान वर करून, पण चुना लावता लावता तो ते असं चालवायचा की गिऱ्हाइकानं पान खायचं विसरावं. कधी ते पाकिस्ताननं पळवलं, कधी त्यात सोनं होतं म्हणून चालवणाऱ्यानंच चीनकडे वळवलं, तर कधी आभाळात म्हणे भोवरे असतात आणि त्यात ते बुडालं. इथवर चाललं ते चाललं. रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी.

पण एक दिवस पेपरात एक ओळ आली. एक उतारू वेळेवर पोचला नाही म्हणून वाचला, एवढीच. नाव नव्हतं. शेषरावनं पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, "हा आपला चंद्रभान!"

"मंग तो घरी काहून नाही आला?" कोणीतरी विचारलं.

"हे त्याच्या बायकोले इचारा," शेषराव म्हणाला, आणि ठेला हसला.

झालं. विमान राहिलं बाजूला आणि जमुना आली तोंडी. एवढ्या धिप्पाड बाईपुढं माणूस टिकणार कसा? पोर झालं नाही, ते उगाच का? वरणात मीठ जास्त घालते. महिनाभरात चंद्रभानला कलकत्त्यात एक बंगालीण मिळाली, पुढच्या महिन्यात एक मुलगा झाला. शेठनं विमानकंपनीला विचारलं. चंद्रभान विमानात बसला होता, असं कंपनीनं स्वच्छ कळवलं. शेषराव म्हणाला, कंपनी असंच म्हणणार. पुढं त्या वाचलेल्या माणसाचं नावही छापून आलं, रायपूरचा कोणी कापडवाला होता. ते वाचायला आमच्याकडे कोणी थांबलं नव्हतं.

आळीचं एक वेळ सोडा. दुर्गाबाईनं ही गोष्ट पदरात बांधून घेतली. तिचा हिशेब साधा होता. पोरगा विमानात बसला असेल तर मेला, नसेल बसला तर जिवंत आहे. आणि जिवंत असेल तर सुनेला टाकून गेला, दुसरं काय? पोरगा जिवंत ठेवायचा तर सून वाईट ठरायलाच हवी होती. आई होती ती. तिनं सून वाईट ठरवली.

रोज सकाळी ती आपल्या अंगठ्यानं जमुनाच्या कपाळावर कुंकू दाबायची आणि म्हणायची, "माहा लेक जित्ता हाय. तुह्यापायी घर सुटलं त्याचं." एवढं कुंकू लावूनही समोरच्या लीलाबाईनं महालक्ष्म्यांच्या जेवणाला जमुनाला सवाष्ण म्हणून कधी बोलावलं नाही. टाकलेली बाई सवाष्ण कशी? विधवा म्हणावं तर सासू ओरडायची. अमरावतीचा एक बांगडीवाला खरगपूरच्या फलाटावर चंद्रभानला पाहिल्याचं सांगून गेला, तर दुर्गाबाईनं त्याला पुरणपोळी जेवू घातली. वाढली जमुनानं.

जमुनाचा भाऊ सूर्यभान तिला न्यायला आला होता. "चाल बाई, काहून मरून राहिली इथं?"

"मी गेले तं लोक मनतीन, खरंच होतं," ती म्हणाली. "मले एकदा कळू दे दादा, ते इमानात बसले होते का नाही. मंग येतो."

तिला स्वतःलाच आता ठाऊक नव्हतं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. शेठनं तिला जिनिंगमध्ये कामाला लावलं होतं. जाता-येता ती गुडघ्यात वाकून, मान खाली घालून चालू लागली. उंची कमी दिसावी म्हणून. तिच्या नवऱ्यानं तिला कधी उंच म्हणून हिणवलं नव्हतं, पण सात वर्षं अख्खी आळी एकच गोष्ट सांगत राहिली तर माणूस आपल्या आठवणींवरही विश्वास ठेवत नाही.

बासष्ट साली ओरिसातल्या एका डोंगरात लाकूडतोड्यांना विमानाचे तुकडे सापडले. कोतवालीचा हवालदार जमुनाच्या दारात आला तेव्हा सगळी आळी गोळा झाली. हाडं कोणाची ते ओळखू येत नव्हतं, पण एका पट्ट्याला जिनिंगचा पितळी बिल्ला होता. शेठनं तो ओळखला होता.

"ते इमानातच होते?" जमुनानं विचारलं.

"हो बाई. इमानातच होते."

"चढले होते ना? नक्की?"

"चढल्याबिगर डोंगरात कसे सापडतीन?" हवालदार चिडून म्हणाला.

जमुना हसली. मी पाहिलं, तोंडाला पदर न लावता हसली. तशीच उठली, हलवायाकडे गेली आणि पेढे घेऊन आली. घरोघर गेली. लीलाबाईच्या हातावर ठेवला, शेषरावच्या ठेल्यावर ठेवला. "घ्या. माहे मालक पळाले नव्हते. इमानातच होते." कोणी नको म्हटलं नाही. नको म्हणायला तोंड कोणाला होतं?

ती घरी परतली तेव्हा दुर्गाबाई उंबऱ्यात बसली होती. "जित्ता होता वं माहा पोरगा," ती म्हणाली. "सात वर्षं जित्ता होता. आज तू मारला त्याले."

जमुनानं मोरीवर जाऊन कपाळ धुतलं, बांगड्या दगडावर फोडल्या आणि भिंतीशी बसून तिनं हंबरडा फोडला. सात वर्षांत तिला रडता आलं नव्हतं. जिवंत माणसासाठी रडणं अभद्र, आणि पळालेल्यासाठी रडणं हसण्यासारखं. आता तिचा नवरा मेला होता आणि ती मोकळेपणी रडत होती.

आमच्याकडे मयताच्या घरी आयाबाया धावतात, गळ्यात गळा घालून रडतात, चूल बंद म्हणून शेजारून पिठलं-भाकर येते. त्या दिवशी कोणी गेलं नाही. पिठलं गेलं नाही, भाकर गेली नाही. तिचा आवाज सगळ्या घरांत ऐकू येत होता.

"पेढे वाटले तिनं," लीलाबाई दारात उभी राहून म्हणाली. "पेढे वाटणाऱ्या घरी रडाले कसं जावं, सांगा बरं?"

आणि हातातला पेढा तोंडात टाकून तिनं दार लावून घेतलं.