नऊ टक्क्यांचा शुक्रवार

"बंद कर! अरे बाबा, झाकण लाव पहिला!" शेठ असे ओरडले, की आनंदनगरातल्या आमच्या कारखान्यातून निघालेला तो आवाज पार सोनिवलीच्या म्हशींनी ऐकला असणार.

मी लॅपटॉपचं झाकण लावलं. आत नऊ टक्के उरले होते.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे वीज बंद, दुरुस्तीचा वार. जनरेटर उल्हासनगरला, शेठच्या पुतण्याच्या लग्नात रोषणाई करायला गेलेला. आणि चार वाजता पुण्याचे साहेब साच्याचं ड्रॉइंग बघायला येणार. ड्रॉइंग होतं फक्त त्या लॅपटॉपात. आज पसंत पडलं नाही, तर काम भोसरीच्या कारखान्याला जाणार आणि ड्रॉइंग काढणारा मी घरी.

सकाळी बॅटरी गच्च भरलेली होती हो! पण आख्ख्या अंबरनाथात लॅपटॉप एकच, आणि तो आपला, असं शेठचं ठाम मत. त्यामुळे चहावाला, पोस्टमन, भंगारवाला, जो येईल त्याला उघडून दाखवायचे. "देखो साईं, बिना वायर का चलता है!" दुपारपर्यंत दर्शनाची रांग गेटबाहेर गेली होती.

कुळगावचे बॅटरीवाले काका त्या दिवशी आमच्या टेम्पोची बॅटरी बघायला आलेले. शेठनी त्यांनाच हाताला धरून आत आणलं. ॲसिडनं चाळण झालेला शर्ट, हातात बॅटरीतलं पाणी तपासायची काचेची नळी. काकांनी लॅपटॉप उलटा केला, हुंगला.

"पाणी कुठनं घालायचं?"

"पाणी नाही लागत, काका. किती उरलीय ते ही स्वतःच सांगते." मी झाकण उघडून कोपऱ्यातला आकडा दाखवला. आठ.

काकांनी चपला काढल्या. शपथेवर सांगतो, काढल्या. "जन्मभर बॅटऱ्यांची नाडी बघत फिरलो," ते पुटपुटले, "एक बया कधी तोंडानं बोलली नाही. आणि ही आकडा सांगते?" त्यांचे डोळे भरले होते. ॲसिडनं असतील, पण मी ते भक्तीत धरलं.

मग ते भानावर आले. "दिवा कशाला एवढा मोठा?" मी पडद्याचा उजेड उतरवला. "आणखी. अजून आणखी. आणि आत गुरगुरतंय काय?" फ्लॉपी राहिली होती, ती काढली. आता पडद्यावर काही दिसेना, तर काकांनी टेम्पोची ताडपत्री खिडकीवर ताणली. खोलीत भर दुपारी अमावस्या झाली आणि त्यात माझं ड्रॉइंग, रेघ न् रेघ, चांदण्यासारखं उमटलं.

साहेब आले. ते बोटानं रेघा तपासत होते, मी डोळ्यांनी आकडा. चार. तीन. दोन. ते दोन टक्के असे टिकले, असे टिकले, की तेवढ्यात बारवीचं धरण भरून वाहिलं असतं.

"ठीक आहे. उद्यापासून लागा," साहेब म्हणाले, आणि पडदा विझला.

साहेबांची जीप वळते न वळते तोच शेठनी काकांचे पाय धरले. "उस्ताद, ये जादू किधर सीखा?"

काका नळी पुसत होते. "दिवा बारीक केला फक्त. तुमच्या टेम्पोच्या बॅटरीत पाणी कमी आहे."